आत्याचा फ्लेक्स

मंचरला माझं फ्लेक्सचं दुकान आहे. तालुक्यात कुणाचा वाढदिवस असो, कुणाची सरपंचपदी निवड होवो की कुणाचं निधन होवो, ते माझ्या मशीनमधून बाहेर पडल्याशिवाय लोकांना खरं वाटत नाही. जिवंत आणि मेलेली माणसं मी एकाच शाईनं छापतो. फरक एवढाच की मेलेल्या माणसाच्या घरचे फोटो गोरा करून मागत नाहीत. दिवसभर शाईचा वास नाकात बसतो आणि रात्री जेवताना भाकरीलाही तोच वास येतो. बायको म्हणते, दोष तुमच्या नाकाचा आहे. असेल.

या धंद्यात राहून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. चौकात कुणाचं तोंड लागायचं आणि कुणाचं नाही, हे तोंड बघून ठरत नाही. मला हे आधीपासून माहीत होतं, तरी आमच्या आत्याच्या बाबतीत मी वेड्यासारखी आशा धरून बसलो. त्या आशेचं काय झालं ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस डोक्यात होतं.

आत्या म्हणजे माझ्या वडलांची धाकटी बहीण. आम्ही धनगर, आमची घरं अवसरी बुद्रुकच्या शिवाराच्या कडेला. वडलांनी मेंढरं विकून शेती धरली, पण आत्या दिली ती मेंढरं राखणाऱ्या घरात. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं आणि चाऱ्यामागं निघायचं, पावसाच्या तोंडावर परत यायचं, असा तिचा संसार. एका उन्हाळ्यात वाटेवरच तिचा नवरा साप चावून गेला. पोरगी तेव्हा रांगतही नव्हती. मेंढरं वीक आणि भावाकडं जाऊन राहा, असं सगळ्यांनी सांगितलं. आत्यानं पोरीला घोड्यावरच्या गाठोड्यात बांधलं आणि कळप पुढं काढला. नंतर किती तरी वर्षं तिनं तो एकटीनं चालवला.

त्या गाठोड्यातली पोर म्हणजे माझी आतेबहीण. ती शिकली, पुण्याला गेली, दुसऱ्यांच्या मालिकांमध्ये पडेल ते काम करत राहिली. आणि एक दिवस गावाकडं येऊन म्हणाली, मी सिनेमा करतेय, आईच्या त्या उन्हाळ्याचा. आईचं काम आईच करणार.

आम्ही हसलो. आत्या हसली नाही. ती शेणानं भरलेले हात धूत म्हणाली, "करीन मी. पर माजा फोटू मंचरच्या चौकात लागला पायजे. मोठा. वरनं खाली बघणारा."

"चौकातच कशाला गं?" मी विचारलं.

"त्या चौकातनं मेंढरं न्यायचो तवा गाड्यावाले आईवरनं शिव्या घालायचे. एकानं तर अंगावर चहा फेकला व्हता. म्या मान वर करून कुणाकडं बघितलं न्हाई कवा. आता त्यांनी मान वर करावी."

मी म्हटलं, आत्या, तुझा फ्लेक्स मी लावतो, त्यात काय एवढं. माझं दुकान, माझं मशीन. त्या दिवशी हा शब्द मी इतक्या सहज दिला की आता आठवलं तरी माझाच मला राग येतो.

शूटिंग डिंभ्याला झालं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं हटलं की काठाला हिरवं गवत येतं, मेंढरांसाठी तेवढं चांगलं. तिकडं एसटीचा भरवसा नाही, म्हणून माणसं आणि सामान माझ्या टेम्पोतून न्यायचो. शहरातून आलेली पोरं चांगली होती. आत्याला आजी म्हणायची, उन्हात छत्री धरायची. पण नवरा गेल्याचा प्रसंग घेताना पंचाईत झाली. पहिल्यांदा आत्या अशी काही बसली नवऱ्याचं काम करणाऱ्या माणसाच्या उशाला, की आमच्यातलं कुणी हललं नाही. मग कॅमेऱ्यावरचा पोरगा म्हणाला, आवाजात धरणातल्या बोटीचं मशीन आलं, पुन्हा घ्यावं लागेल. आत्या उठून उभी राहिली.

"एकदा मेला न्हवं? परत परत कसा मरंल त्यो?"

माझ्या आतेबहिणीनं कॅमेरा बंद करायला सांगितलं आणि आईशेजारी गवतात जाऊन बसली. सिनेमात तो प्रसंग बोटीच्या आवाजासकटच आहे. मला तो सगळ्यांत आवडतो.

सिनेमा चांगला झाला होता. हे मी नात्यातला म्हणून सांगत नाही. नात्यातल्यांच्या वाईट गोष्टी मी तोंडावर सांगतो, म्हणून आमच्याकडं लग्नाला मला शेवटच्या पंगतीला बसवतात. सिनेमाचं नाव मात्र इथं लिहीत नाही. ज्यांनी तेव्हा ऐकलं नाही त्यांनी आता ऐकून काय करायचं? पुण्यात थोड्या लोकांना दाखवला तेव्हा दिवे लागल्यावर माणसं नाकं पुसत होती. कुणीतरी वितरक मिळाला. मोजकी थेटरं मिळाली आणि त्यात हायवेवरचं आमचं दोन पडद्यांचं थेटरही होतं. दुपारी बाराचा एक शो. शुक्रवारपासून.

त्याच शुक्रवारी एक मोठा सिनेमाही लागणार होता. मोठा म्हणजे ज्याचं गाणं महिनाभर आधीपासून पानटपरीवरही वाजत होतं.

आतेबहीण चॅनेलच्या ऑफिसांच्या पायऱ्या झिजवू लागली. एकदा मीही बरोबर गेलो. काचेच्या खोलीत एका सभ्य माणसानं आम्हाला चहा दिला आणि विचारलं, "चेहरा कोण आहे?"

"माझी आई," ती म्हणाली.

तो गोड हसला. मग म्हणाला, "ते छानच. पण लोक कुणासाठी येतील?" पैसे भरून घ्यायचं मुलाखतीचं पॅकेज असतं, पेपरातल्या पानाचं पॅकेज असतं, सगळ्याचं पॅकेज असतं, हे त्यानं आम्हाला फार आदबीनं समजावलं. त्याच्या मागच्या भिंतीवर टीव्ही चालू होता आणि त्या मोठ्या सिनेमातली जोडी सोफ्यावर बसून एकमेकांना चिडवत होती. दुसऱ्या ऑफिसात गेलो तर तिथल्या टीव्हीवर तीच जोडी, सोफा तेवढा वेगळा. परतीच्या वाटेवर माझी बहीण राजगुरुनगरपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "दादा, शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं."

एक बातमीदार मात्र अवसरीला आला. आम्हाला काय आनंद झाला! बायकोनं शिरा केला. त्यानं आत्याला घोंगडी पांघरायला लावली, भर उन्हात. आमच्या आत्याकडं तेव्हा दोन-चारच मेंढरं उरलेली, ती त्याला कमी वाटली, म्हणून शेजारचा कळप आणला. तिला सूर्याकडं तोंड करून चालायला लावलं. "आजी, तुम्ही कधी सिनेमा बघितला होता का? रडू आलं का?" आत्या म्हणाली, रडायला काय झालं, म्या काम केलं. ते त्यानं कापलं. दोन मिनिटांची बातमी लागली, मेंढपाळ आजी बनली हिरोईन. सिनेमाचं नाव नाही, थेटर नाही, वार नाही. दिग्दर्शिका कोण हेही नाही, आजी आणि मेंढरं तेवढी.

बहिणीनं फोन केला तर तो म्हणाला, "ताई, नाव घेतलं की ती जाहिरात होते. आम्हाला जाहिरात फुकट दाखवता येत नाही."

त्याच आठवड्यात त्या मोठ्या सिनेमाचा हिरो आमच्या भागात आला. मंचरला मिसळ खाल्ली आणि कॉलेजात जाऊन नाचला. हिरोनं खाल्ली मिसळ, ही बातमी दिवसभर चालली, सिनेमाच्या नावासकट, वारासकट. ती जाहिरात नव्हती. माझी मुलगी त्या गाण्यावर नाचून रील टाकून मोकळी झाली. वर्गातल्या सगळ्या पोरींनी टाकले होते. मी म्हटलं, अगं, आपल्या आत्याआजीचाही सिनेमा येतोय. ती म्हणाली, "पप्पा, त्यात गाणंच नाहीये, मी कशावर करू?" खरंच नाही त्यात गाणं. नुसता मेंढरांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज आहे.

राहिला माझा फ्लेक्स. आत्याचा चेहरा मी मोठा केला, सुरकुत्या तशाच ठेवल्या, आणि मशीनवर सोडला. छापून पुढं सरकताना आधी कपाळ आलं, मग डोळे, आणि कामगार पोरगं म्हणालं, "शेठ, लई भारी दिसती ओ म्हातारी." बुधवारी संध्याकाळी बांबू रोवून चौकात लावला. गुरुवारी सकाळी आत्याला दाखवायला आणलं तर तिथं एका पुढाऱ्याचा वाढदिवस. हात जोडलेले, मागं वाघ, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. आमचा फ्लेक्स त्याच्याच पाठीमागं होता, कडेनं आत्याच्या पदराची पट्टी दिसत होती. तो वाढदिवसही माझ्याच मशीनवर छापलेला. कुठं लावणार, हे मी कधी गिऱ्हाइकाला विचारत नाही.

तो काढा म्हणायला मी त्यांच्या पोरांकडं गेलो. पोरं म्हणाली, "भाऊ, सायेबांचा आठवडा हाय. नंतर लावा की तुमचा." त्यांच्याशी भांडून मंचरला धंदा करता येत नाही. मी आमचा काढला आणि स्टँडच्या मागल्या गल्लीत, वडापावच्या गाडीशेजारी लावला. आत्यानं तिथं उभं राहून एकदा बघितलं.

"चौकात म्हनला व्हतास," एवढंच बोलली.

आता आमच्या लोकांचं सांगतो. आमच्याकडं बोलावणं चिठ्ठीनं जात नाही आणि फोननंही जात नाही. फोनवर सांगितलं तर माणूस हो म्हणतो आणि येत नाही. घरातला थोरला माणूस जातो, कपाळाला भंडारा लावतो, चिमूटभर हातावर ठेवतो आणि सांगतो. हातावर भंडारा पडला की ते देवाचं बोलावणं, मग मेंढरं दुसऱ्यावर सोपवून का होईना, माणूस येतोच. माझे थोरले चुलते, आत्याचा आन्ना, म्हणाले, आपल्या घरातलं एवढं मोठं कार्य, बोलावणं रीतीनं झालं पाहिजे. मोटारसायकलवर मागं बसून ते जुन्नर-आंबेगावातले धनगरांचे वाडे फिरले. वाडा म्हणजे शेतात मेंढरं बसवलेली असतात ती जागा, जाळीचं कुंपण आणि त्याच्या कडेला बिऱ्हाड. कांद्याची काढणी चाललेली, मोकळ्या होणाऱ्या वावरांतून जागोजाग वाडे पडले होते. चुलत्यांनी सगळ्यांना भंडारा दिला आणि सांगितलं, रविवारी.

रविवार हा खंडोबाचा वार. आमच्यात नवं काही पहिल्यांदा बघायचं, करायचं ते त्या वारी. बहिणीनं आपल्या मोबाईलवर सगळीकडं शुक्रवारपासून, शुक्रवारपासून असं लिहिलं होतं, पण वाड्यावर कोण वाचतंय! तिनं चुलत्यांना विचारलंही, शुक्रवारी का नाही? ते म्हणाले, "शुक्करवारी काय हाय? देवाच्या वारी बघू दे की मानसांनी." आम्हालाही त्यात वावगं वाटलं नाही. सिनेमाचं काय ते पहिल्या तीन दिवसांत ठरतं, असं सगळे म्हणतात. रविवार तिसरा दिवसच होता. आमच्यासारख्यांना तीन दिवसही मिळत नाहीत, हे कुणी सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी मी थेटरात गेलो. आम्ही घरातले सोडले तर एक कॉलेजातली जोडी होती, तीही कोपऱ्यात एसी खायला बसलेली. शनिवारी तीसुद्धा नव्हती. शनिवारी संध्याकाळी मॅनेजरचा फोन आला. "भाऊ, उद्यापास्नं तुमचा शो काढलाय. वरून आलंय. बाराला पण मोठाच लावायचा."

बहिणीनं माझ्या हातातून फोन घेतला. उद्या आमची माणसं येणार आहेत, टेम्पो भरून येणार आहेत, म्हणून ती परत परत सांगत राहिली. तो म्हणाला, "ताई, ऑनलाइन बुकिंग दाखवा मला. एक तरी सीट हाय का?" नव्हतं. आमच्या लोकांचं बुकिंग कपाळावर होतं, ते त्याच्या कॉम्प्युटरला कसं दिसणार?

चुलत्यांना म्हटलं, सगळ्यांना नका येऊ म्हणून सांगू या. ते माझ्याकडं असे बघत राहिले की जणू मीच काही अभद्र बोललोय. "भंडारा दिलाय. आता नगं कसं म्हनायचं? आन् एवढी मानसं दारात हुबी ऱ्हायल्यावर न्हाई म्हनंल व्हय त्यो?" खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. माणसं समोर दिसली की कुणाचंही मन वळेल, असं आम्ही धरून चाललो. आमची चूक झाली असेल तर ती एवढीच, आणि ती आम्ही सगळ्यांनी मिळून केली.

रविवारी अकरा वाजल्यापासून टेम्पो यायला लागले. तळेघरच्या बाजूला कामाला गेलेली आमची माणसं डोंगर उतरून आली होती. डिंभ्याहून आली, जुन्नरच्या वाड्यांवरून आली. म्हाताऱ्यांचे लाल फेटे, बायकांच्या धुतलेल्या नऊवाऱ्या, सगळ्यांच्या कपाळी पिवळाधमक भंडारा. थेटरच्या पार्किंगमध्ये एवढी माणसं मी तिथं कधी बघितली नव्हती. वॉचमन घाबरून आत गेला. आत्या नवीन लुगडं नेसून टेम्पोच्या पुढल्या सीटवर बसून आली होती. तिच्याच वाड्यावर वाढलेल्या बायका तिला चिडवत होत्या, "हिरोनी, आमाला वळखतीस का न्हाई गं?" आणि ती लाजत होती. आत्या लाजलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

मॅनेजर बाहेर आला. माणूस वाईट नव्हता. डोक्याला हात लावून म्हणाला, "आधी का न्हाई सांगितलं, भाऊ? मला वाटलं ताई आपलं बोलत्यात." मग म्हणाला, थांबा, वर विचारून बघतो. तोवर एवढी म्हातारी माणसं उन्हात उभी करू नका. बाराचा शो सुरू होतोय, आत जागाच जागा आहे, तिकिटं काढून बसा. तो संपेस्तोवर कळेल काय ते.

बहीण पार्किंगच्या टोकाला उभी राहून पुण्याच्या वितरकाला फोन लावत होती. तिला विचारायला मी गेलो तोवर माणसं आत शिरू लागली होती. तिकिटं ज्याची त्यानं काढली. चुलते सगळ्यांना सांगत होते, "आदी त्यांचं हाय, मागनं आपलं." हे सगळ्यांना लगेच पटलं. जत्रेत असंच असतं. आधी एक कार्यक्रम होतो, मग ज्यासाठी आलो तो. स्वस्तातली म्हणून आमची माणसं पडद्याच्या अगदी पुढं बसली, आणि मग भरत भरत थेटर पार शेवटपर्यंत भरलं.

तो सिनेमा मी बघितला नाही असं म्हणता येणार नाही, पण त्यातलं मला एकच पात्र आठवतं. हिरोचा खेडवळ मित्र. घोंगडी पांघरलेला, खांद्यावर काठी, तोंडात सारखं मेंढरांना हाकलायचा आवाज. हॉटेलात जाऊन हात धुवायच्या भांड्यातलं लिंबूपाणी पितो. लिफ्टला नमस्कार करतो. तो पडद्यावर आला की मागून वाद्य वाजायचं आणि लोकांनी हसायचं, असं ठरलेलं. पहिल्यांदा तो आला तेव्हा आमची माणसंही हसली. मनापासून हसली. दुसऱ्यांदा थोडी कमी हसली. नंतर म्हाताऱ्यांनी हसायचं सोडलं. लहान पोरं मात्र शेवटपर्यंत हसत होती, आणि त्यांच्या आया त्यांना गप्प करत होत्या. मला वाटलं, उठावं आणि पडदा टराटरा फाडावा. मी उठलो नाही.

मध्यंतराला दिवे लागले आणि थेटरचा एक पोरगा मोबाईल घेऊन पुढं आला. हात वर करा, असं म्हणाला. बऱ्याच जणांनी केले. त्यानं फोटो काढला आणि गेला. मी बाहेर आलो तर हाऊसफुल्लची पाटी लावली होती. ती गेल्या कित्येक दिवसांत कुणी कपाटातून बाहेर काढलेली नव्हती, म्हणून मॅनेजर स्वतः फडक्यानं पुसत होता.

सिनेमा संपला. मागची दोन-चार परकी माणसं उठून गेली. आमचं कुणी उठलं नाही. सगळे नीट सावरून बसले, बायकांनी पोरांना लघवीला नेऊन आणलं, एका म्हाताऱ्यानं डोळे पुसून चष्मा घातला. आत्या पहिल्या रांगेत मधोमध बसली होती. तिनं पदर डोक्यावरून सारखा केला आणि पडद्याकडं बघत राहिली.

मॅनेजर दारात आला आणि मला बोटानं बोलावलं. म्हणाला, वरच्यांनी नाही म्हटलं. आणि त्यांनी हो म्हटलं असतं तरी उपयोग नव्हता. सिनेमा त्याच्या कॉम्प्युटरमध्ये होता, पण तो उघडायची किल्ली कंपनीकडून येते. शो काढल्याबरोबर वितरकानं किल्ली बंद केली होती आणि रविवारी ती सुरू करायला ऑफिसात माणूस नव्हता. "एवढी पब्लिक असून लावता येईना मला. माझं पण नुकसानच ना, भाऊ," तो म्हणाला. मला त्याचं खरं वाटलं, आणि त्यामुळं जास्तच वाईट वाटलं. भांडायला समोर माणूसच नव्हता.

झाडूवाली बाई आत येऊन भिंतीला टेकून उभी होती. मी पडद्यापुढं जाऊन उभा राहिलो. सगळी भंडारा लावलेली कपाळं माझ्याकडं वळली. मी म्हटलं, आपला सिनेमा आज लागत नाही.

"मंग कवा?" मागून कुणीतरी विचारलं.

मी म्हटलं, आता नाही लागायचा.

चुलते खुर्चीचा आधार घेऊन उठले आणि म्हणाले, "चला. दिवस मावळायच्या आत वाड्यावं पोचाया पायजे, बिबट्या लई झालाय." माणसं एकामागं एक बाहेर पडली. जाता जाता बायका आत्याच्या हातावर हात ठेवत होत्या, मयताच्या घरून निघताना ठेवतात तसा. माझी बहीण बाहेर पायरीवर बसली होती. तिच्याजवळून जाताना माणसं बाजूनं वळसा घालून गेली, तिला नीट बघायला नको म्हणून.

त्यानंतर तिनं बरीच खटपट केली. मोबाईलवर सिनेमे दाखवणाऱ्या कंपन्यांनी विचारलं, थेटरात किती चालला? दोन दिवस म्हटल्यावर पुढं बोलणं झालं नाही. आता ती पुन्हा दुसऱ्यांच्या मालिकेत काम करते. सणाला येते, आईशेजारी झोपते, जाते. सिनेमाचा विषय आमच्यात निघत नाही.

पण मला जे सांगायचं आहे ते पुढंच घडलं. त्या रविवारनंतर थोड्याच दिवसांत मोठ्या सिनेमाच्या जाहिरातीचं काम बघणाऱ्या माणसानं मला एक डिझाइन पाठवलं. पुणे जिल्ह्यात तुफान गर्दी, हाऊसफुल्ल, आणि मागं गच्च भरलेल्या थेटराचा फोटो. अर्जंट होतं. मी कॉम्प्युटरवर फोटो मोठा केला. लाल फेटे. पिवळी कपाळं. माझे चुलते, हात वर केलेले. आणि मधोमध आत्या. तिनं हात वर केला नव्हता. ती सरळ समोर बघत होती, आता आपलं लागेल म्हणून.

नाही म्हणालो असतो तर शेजारच्या दुकानदारानं छापला असता. ते असो. मी तिला त्यातून कापू शकत होतो, डिझाइनमध्ये थोडं इकडंतिकडं केलेलं कुणाला कळत नाही. माउस तिच्या डोक्याशी नेलाही. मग वाटलं, तिचं तोंड चौकात लागायचा दुसरा कुठला मार्ग आता उरला आहे? मी तसंच सोडलं. मशीनवर आधी फेटे आले, मग तिचं कपाळ, मग डोळे.

फ्लेक्स बरोबर चौकातच लागला. पुढाऱ्याचा आठवडा संपला होता, आणि ह्या मोठ्या सिनेमासाठी जागा कुणीतरी आधीच बोलून ठेवली होती. बाजाराच्या दिवशी आत्या मेथीच्या जुड्या घेऊन मंचरला आली. मी दुकानातून बघितलं, ती चौकात मान वर करून उभी होती, मागनं गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मी धावत गेलो आणि तिचा हात धरून तिला कडेला घेतलं.

"लागला की रं," ती म्हणाली. तिचं तोंड उजळलं होतं. "ह्यो बघ आन्ना. ही मी. आपला लागला म्हून सांगितलं न्हाईस?"

तिला वाचता येत नाही. वरच्या मोठ्या लाल अक्षरांकडं बोट करून तिनं विचारलं, "हे आपल्याच पिच्चरचं नाव न्हवं?"

मी म्हटलं, "नाही आत्या. त्यांच्या पिच्चरचं आहे."

तिनं पुन्हा वर बघितलं. हॉर्न वाजत होते. मग तिनं मेथीची पाटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि मला विचारलं, "मंग माजं तोंड कशाला घेतलं?"